झीलकऱ्याचं रक्त

पोवाडा ऐकून घरी निघालेल्या माणसाला शाहिराचं नाव विचारा, पटकन सांगेल. फेट्याचा रंगही सांगेल. झीलकऱ्याचं नाव मात्र विचारू नका, बिचारा उगाच ओशाळेल. शाहिराच्या मागे, डाव्या अंगाला, तुणतुणं घेऊन उभा असतो तो झीलकरी. शाहिराने चौकाची, म्हणजे पोवाड्याच्या कडव्याची, शेवटची ओळ वर नेऊन सोडली की हा ती झेलतो आणि 'जी जी रं जी' करत टिपेला धरून ठेवतो. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो, पुढची ओळ आठवतो. टाळ्या मिळतात त्या शाहिराला. ही जगाची रीतच आहे, आणि निवास मगदूमची तिच्याविषयी काडीची तक्रार नव्हती. गाताना तो लोकांकडे बघतही नसे. त्याचे डोळे भावाच्या पाठीवर असत.

भाऊ म्हणजे शाहीर सयाजी मगदूम. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं गाव, आणि फड आबांपासूनचा, म्हणजे वडिलांपासूनचा. आबांनी जाण्याआधी डफ थोरल्याच्या हातात दिला आणि तुणतुणं धाकट्याच्या. असं का, हे दोघांनी कधी विचारलं नाही. सयाजीचा दम नावाजलेला होता. कुठल्याशा वर्तमानपत्राने त्याला 'अखंड दमाचा शाहीर' म्हटलं होतं आणि ते कात्रण चौकटीत घालून त्याने घराच्या सोप्यात, दर्शनी भिंतीवर लावलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःच्या आवाजापुढे त्याला दुसरं काही फारसं ऐकू येत नसे.

एव्हाना पडद्यावरचे शाहीर आले होते. यंत्राने रचलेला चेहरा, यंत्राने रचलेला गळा. त्यांना जेवण लागत नसे, गाडी लागत नसे आणि त्यांचा आवाज कधी बसत नसे. शहरातले कार्यक्रम त्यांनी बघता बघता गिळले. खेड्यांनी मात्र एक गोष्ट हट्टाने धरून ठेवली. म्हाईला, म्हणजे वर्षातून एकदा गावदेवीच्या नावाने पै-पाहुण्यांना मटणाचं जेवण घालायचा जो सण असतो त्याला, जिता गळाच लागतो. देवीपुढे यंत्राचा आवाज चालायचा नाही, असं गावागावांनी ठरवून टाकलं. मगदुमांचा फड त्या म्हायांवरच तग धरून होता.

सयाजीचा गळा फुटला तो एका जत्रेत. समोरासमोर दोन मांडव होते. एकात तो, दुसऱ्यात पडदा. पडद्यावरचा शाहीर एकेक पट्टी वर चढत होता. ताप अंगात होता, तरी सयाजी इरेला पेटला.

"दादा, र्‍हाऊ दे. ते मशीन हाय, त्याला घसा न्हाई," निवास मागून म्हणाला.

"मला हाय की," सयाजी म्हणाला आणि त्याने ओळ वर फेकली. गळ्यात काहीतरी चर्रकन फाटलं. तोंडाला रक्ताची खारट चव आली. निवासने झील धरली आणि भावाचा डफ पुन्हा वाजायची वाट बघत धरूनच ठेवली. डफ वाजला नाही.

जखम भरली, पण आवाज परत आला तो फुटक्या मडक्यासारखा.

*

कोल्हापुरातल्या डॉक्टर तस्नीम मुजावर गळ्याच्या डॉक्टर. बाई तोंडाने फटकळ पण हाताने हळुवार. त्यांनी सयाजीच्या नाकातून केसाएवढा कॅमेरा आत सोडला आणि पडद्यावर दोघा भावांना गळा दाखवला.

"ह्या दोन घड्या. ह्याच तुमचा आवाज. गाताना त्या एकमेकींवर आपटतात, सेकंदाला शेकडो वेळा. वरून पातळ त्वचा आणि आत खरवसासारखा लिबलिबीत थर. तो थर मऊ आहे म्हणून त्या थरथरतात. तुमची जखम भरली, पण खरवसाच्या जागी चामड्याची वादी झाली. वादी कुठे थरथरते का?"

उपाय रक्तातच होता. रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, दुधावर साय धरावी तसं. त्या पिवळ्या पाण्यात प्लेटलेट असतात. डेंग्यूच्या साथींमुळे हे नाव घराघरात पोचलं होतं. रक्त गोठवणं हे त्यांचं एक काम. दुसरं काम जखमेवर जाऊन आजूबाजूच्या पेशींना निरोप देणं, की उठा, इथे असं असं बांधकाम करायचं आहे. गुडघ्यांना, टकलांना अशी इंजेक्शनं लोक कित्येक वर्षं घेत होते. गळ्याच्या घडीतही ती देता येत होती. सयाजीला त्याच्याच रक्ताची दिली. बोलण्याइतका आवाज सुधारला. गाण्याइतका नाही.

मग सहज म्हणून मॅडमनी निवासच्या गळ्यात कॅमेरा घातला आणि कितीतरी वेळ बघतच राहिल्या.

"हे टिपेला गातात? आणि किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं," निवास म्हणाला.

"असा गळा असूच शकत नाही. तान्ह्या बाळाचा वाटतोय."

प्लेटलेट सगळ्या सारख्या नसतात, हे नुकतंच उमगलेलं होतं. शरीराचा जो भाग रोज दुखावतो, त्याची खबर हाडांच्या आतल्या मगजाला लागते. प्लेटलेट तिथेच बनतात, आणि बनतानाच त्यांच्यात त्या भागाच्या दुरुस्तीचे निरोप भरले जातात. तालमीतल्या पैलवानाच्या रक्तात सांध्यांचे निरोप जास्त. निवासच्या रक्तात ते गळ्याचे होते, आणि असे की मॅडमनी कधी पाहिले नव्हते.

"ह्यांचा गळा रोज उसवतो आणि रोज शिवला जातो," त्या म्हणाल्या. "शिवणारा ह्यांच्या रक्तात आहे. तेवढ्याच प्लेटलेट गाळून घ्यायच्या, बाकीचं रक्त ह्यांना परत द्यायचं. गाळलेलं तुमच्या गळ्यात टोचायचं. काही फेऱ्या कराव्या लागतील."

सयाजीने निवासकडे पाहिलं. विचारायची वेळ आलीच नाही.

"घ्या की," निवास हसून म्हणाला. "रगात काय, पुन्ना हुतंय. आजवर दादानं माझं डोस्कं खाल्लं, आता रगात पिऊ दे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून काडेपेटीएवढं एक यंत्र काढून निवासच्या हातात ठेवलं. "काढलेलं भरून येतं, पण किती वेगाने ते माणसागणिक वेगळं. म्हणून हा कान. रोज सकाळी ह्याच्यापुढे कुठलाही एक स्वर लांब धरायचा. हिरवा दिवा लागला की झालं. तुमच्या आवाजात केसाएवढा चरा जरी पडला तरी तो मला कळवेल आणि मी काढणं थांबवीन. वेळेवर थांबलं तर नुकसान काही नाही. पण हे चुकवायचं नाही, निवास. ऐकताय ना?"

"ऐकालोय की," निवास म्हणाला.

*

आता मगदुमांच्या फडाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

प्रत्येक इंजेक्शननंतर सयाजीला कडक मौन होतं. कुजबुजायचंही नाही. आणि फडाची रीत अशी की मुख्याने मौन धरलं की झीलकऱ्यानेही धरायचं. "मुख्य गप आणि झील बोलतीया, तो फड मोडला म्हणून समजा," असं आबा म्हणत. त्यांचा आवाज एकदा बसला होता तेव्हा त्यांचा झीलकरी शेजाऱ्याशी चार शब्द बोलला, आणि आबांचा आवाज त्या सालात परत आला नाही, अशी गोष्ट घरात सांगितली जाई. खरंखोटं देव जाणे. ढोलकीवाला इलाही नदाफ ती गोष्ट ऐकून हसायचा. निवास कधी हसला नाही.

दिवाळीनंतर पहिली फेरी झाली आणि घरात दोन माणसं मुकी झाली. दोघांच्या हातात पाट्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निवास सोप्यात तो कान समोर ठेवून बसला. स्वर धरायचा तर मौन मोडतं, न धरावा तर मॅडम रागावणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने थोडा विचार केला, मग फोन काढला, जुन्या तालमीचं रेकॉर्डिंग शोधलं आणि आपलीच लांबलेली झील यंत्रापुढे धरली. हिरवा दिवा लागला.

सयाजी समोर चहा पीत होता. निवासने त्याला डोळा मारला. सयाजीने हसून त्याच्या पाठीत थाप मारली. एवढ्या शहाण्या यंत्राला भावाने कसं बनवलं, याची त्याला गंमत वाटली. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. भावाने आपल्यासाठी मौन मोडलं नाही, एवढंच त्याला त्यात दिसलं.

मग रोज सकाळी तेच. हिरवा दिवा, मौन सुटायच्या आत पुढची फेरी, पिवळ्या पाण्याची पिशवी, सुई. सयाजीला गळ्यात काहीतरी सैल होत असल्याचं जाणवे. आवंढा गिळताना आधी खुपायचं, ते खुपायचं थांबलं. तो आरशापुढे उभा राहून गळ्यावरून हात फिरवी आणि चैत्रातल्या म्हायांची स्वप्नं बघे.

संक्रांतीच्या सुमारास निवासची बायको स्नेहल त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ती गावच्या दूध संस्थेत कामाला होती, बोलायला स्पष्ट.

"भावजी, ह्यांचा खोकला ऐकला का तुम्ही? खोकला न्हाईच त्यो, नुसती हवा. फुंकणीतनं यावी तशी. झोपेत बडबडायची सवय हाय ह्यांना, ती बी बंद झालीया. एकदा डॉक्टरास्नी दाखवून आणूया की."

सयाजीने पाटी उचलली. मॅडमकडे गेलो तर शेवटच्या पिशव्या लांबणीवर पडणार, हे त्याच्या मनात लख्ख आलं. त्याने लिहिलं, 'मौन सुटू दे. मग बघू.'

स्नेहलने ते वाचलं. मागे निवास उभा होता. त्यानेही मान हलवली, दादा म्हणतोय ते बरोबर आहे अशी.

*

एक फेरी उरली होती, पण गळा लावून बघायला मॅडमनी मौन सोडवलं; त्या सकाळी सोप्यात डफाची पूजा झाली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. इलाही ढोलकी घेऊन आला. सयाजीने डोळे मिटले आणि आबांच्या गणाची पहिली ओळ उचलली,

"मुजरा पहिला ह्या मातीला, जिनं दिला मज गळा..."

आवाज लागला. नुसता लागला नाही, पंचविशीत होता तसा लागला. धार तीच आणि खाली गोडवा. इलाहीच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडची माणसं दारात जमली. सयाजीने ओळ वर नेली, आणखी वर नेली, आणि सवयीने मान डावीकडे वळवून सोडून दिली.

झील आली नाही.

तुणतुणं वाजत होतं. निवासचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तोंडातून हवा येत होती, सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी.

"काय चेष्टा लावलीयास गा?" इलाही हसून म्हणाला.

निवासने पुन्हा प्रयत्न केला. मग तुणतुणं मांडीवर ठेवलं आणि गळ्याला हात लावला. बाजारात खिशाला हात लावावा आणि पाकीट नसावं, तसा त्याचा चेहरा झाला.

*

"रोज हिरवा दिवा येत होता!" मुजावर मॅडम जवळजवळ ओरडल्या. पडद्यावर निवासचा गळा होता. तान्ह्या बाळाच्या गळ्याच्या जागी दोन वाळक्या वाद्या.

निवासने फोन काढला आणि आपलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. खोलीभर खणखणीत झील वाजली. मॅडम खुर्चीत बसल्या.

"यंत्राला फसवून कुणाचं भलं होणार, म्हणून आम्ही ती शक्यता धरलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे. समोर बसवून दोन शब्द बोलायला लावायला हवं होतं. मला वाटलं मौन तुमचं आहे, शाहीर. ह्यांचंही आहे हे मला कोणी सांगितलं नाही."

झालं होतं ते असं. निवासच्या गळ्याला इतक्या वर्षांत हजारो बारीक जखमा झाल्या होत्या. त्या संपलेल्या नव्हत्या, रोजच्या शिवणीने मऊ राखलेल्या होत्या. शिवणारा दोराच काढून नेल्यावर सगळ्या जखमांचे व्रण एकदम घट्ट झाले. गप्प बसूनही ते टळणार नव्हतं. तो रोज बोलत असता तर पहिल्या काही दिवसांतच आवाज घोगरा झाला असता, रक्त काढणं थांबलं असतं आणि मगजाने नवा दोरा कातला असता.

"माझं रगात घ्या," सयाजी म्हणाला. त्याच्या त्या नव्या, सुरेल आवाजात ते वाक्य त्याचं त्यालाच घाण वाटलं. "सगळं घ्या. त्याला द्या."

"तुमच्या मगजाला ती विद्या येत नाही. तुमच्या गळ्यात जे आहे ते त्यांचंच आहे, आणि ते आता परत काढता येत नाही." त्या थांबल्या. "एक पिशवी शिल्लक आहे. तुमच्या शेवटच्या फेरीसाठी काढलेली. ती निवासना दिली तर ते बोलू लागतील, असं मला वाटतं. झील गेली, ती विसरा. पण हाक मारता येईल, घरात बोलता येईल. तुम्हाला दिली तर तुमची शिवण पक्की होईल. नाही दिली तर सालभरात उसवत जाईल, पुन्हा पहिल्यासारखं. पिशवी तुमच्या नावावर काढलेली आहे, म्हणून निर्णय कायद्याने तुमचा. माझं मत विचाराल तर..."

सयाजी खाली बघत होता.

"विचारणार नाही असं दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

*

घरी आल्यावर सयाजीने धाकट्याला विचारलं. मनापासूनच विचारलं म्हणा, कारण उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक होतं. निवासने बोट आधी दादाकडे केलं, मग भिंतीवरच्या डफाकडे. मग हात जोडून, विषय संपला अशा अर्थाने, गोठ्याकडे निघून गेला.

सयाजीचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडला हे स्नेहलने पाहिलं.

"त्याला नको हाय," सयाजी म्हणाला.

"भावजी, तुम्ही मागितलं आणि ह्यांनी न्हाई म्हटलं, असं जन्मात कधी झालंय?"

सयाजीने डफाकडे नजर वळवली.

"मग त्यांचं हो-न्हाई काय धरून बसलाय? त्यास्नी न्हाई म्हणायला कुणी शिकीवलंच न्हाई. तुमच्या आबांनी तुणतुणं दिलं हातात आणि सांगितलं, त्यो सोडंल तिथनं उचलायचं. ते उचलत्यात. त्यांना काय इच्यारता? तुम्ही ठरवा."

"फड मोडला तर इलाहीनं काय करायचं? आपण सगळ्यांनी काय करायचं?" सयाजी म्हणाला. "म्हाया तोंडावर आल्यात. पिशवी त्याला दिली तरी झील येणार न्हाई, मॅडमच म्हणाल्या."

"झील कुणाला पायजे?" स्नेहलचा आवाज फुटला. "माझ्या फोनात ह्यांची शंभर रेकॉर्डिंगं हायती, भावजी. सगळ्यात जी जी जी. माझं नाव घेतलेलं एक बी न्हाई. घरच्या माणसाची हाक कोण भरून ठेवतंय वो? काल चाळत बसले हुते. एकात तालीम संपल्यावर 'च्या ठेव' म्हटलंय. तेवढंच हाय माझ्याजवळ."

सयाजीला लाज वाटली. खूप वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं. त्याच्या गळ्यात पंचविशीतला आवाज होता, आणि तो पुन्हा फुटका होणार या कल्पनेनेच त्याच्या अंगाला घाम फुटत होता. चामड्याच्या वादीसारखं त्याचं मनही तिथे घट्ट झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाला न सांगता एकटाच कोल्हापूरला गेला. मॅडमनी सुई टोचली.

परत आला तेव्हा निवास दारात उभा होता. त्याने भावाच्या गळ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि आत जाऊन दुसरी पाटी आणून त्याच्या हातात दिली. आता पुन्हा काही दिवस मौन होतं ना.

*

चैत्रात म्हायांची आमंत्रणं आली. नवा झीलकरी सापडेना. त्या पट्टीला धरून ठेवणारा गळा एका सुगीत पिकत नाही, आणि तरुण पोरांनी ते शिकणं कधीच सोडलं होतं. शिवाय गावांना 'मगदूम बंधू' हवे होते. तेव्हा तोड सयाजीनेच काढली. निवासची जुनी रेकॉर्डिंगं होतीच. इलाहीने पायाच्या अंगठ्याने कळ दाबायची, कर्ण्यातून झील वाजेल. निवासने पाठीमागे उभं राहून तोंड हलवायचं.

"गावानं जिता गळा मागितलाय, शाहीर," इलाही म्हणाला.

"मग जित्याचाच हाय की. त्याचाच आवाज, त्याचंच तोंड. ह्यात मशीन कुठं आलं?"

इलाही निवासकडे बघत राहिला. निवासने मान डोलावली. दुसरं तो काय करणार होता?

पहिलीच म्हाई शेजारच्या गावची. उन्हं उतरायला लागली होती, घरांमागच्या परड्यात चुली पेटल्या होत्या, रश्श्याच्या वासाने माणसं हुरूपली होती. देवळासमोर गाव लोटलं होतं. स्नेहल बायकांत, अगदी पुढे बसली होती. सयाजीने डफावर थाप मारली आणि पहिला चौक असा उचलला की म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ओळ वर गेली, त्याने सोडली, कर्ण्यातून झील आली. 'जी जी रं जी.' स्वच्छ, गोल, नेमकी. कुणाला काही कळलं नाही. एक म्हातारा तर शेजाऱ्याला म्हणाला, "धाकट्याचा गळा बी अजून हाय तसाच हाय बघ."

दुसरा चौकही रंगला. तिसऱ्याला मात्र सयाजीला दम कमी पडल्यासारखा वाटला. त्याला नवल वाटलं. पोवाडा तोच, पट्टी तीच, आणि गळा तर नवा. मग छातीत धाप का? त्याने झिलेच्या वेळी श्वास घेतला, पण श्वास पुरता भरायच्या आत झील संपली. मागच्याही वेळी तसंच झालं होतं. कर्ण्यातली झील दर वेळी तेवढीच होती, मापून कापल्यासारखी.

निवासची झील तेवढी कधीच नसायची. कधी आखूड असे, कधी लांब. सयाजी दमला असेल त्या दिवशी ती लांबायची, ताप असेल त्या दिवशी आणखी लांबायची. आणि ती लांबली की लोकांना वाटे झीलकरी रंगात आला. सयाजीलाही तसंच वाटे. इतकी वर्षं तो सोप्यातल्या कात्रणाखाली बसून आपल्या दमाचं कौतुक ऐकत होता. तो दम त्याच्या पाठीमागे उभा होता, आणि त्याच्या बरगड्या किती हलतात ते बघत होता. हे त्याला आत्ता, गावासमोर, डफ हातात असताना कळलं.

थांबता येत नव्हतं. शेवटचा चौक सगळ्यात उंच होता. त्याने उरलासुरला जीव गोळा करून ओळ वर नेली, देवळाच्या कळसाकडे बघत सोडली आणि श्वासासाठी तोंड वासलं. कर्ण्यातून झील सुरू झाली. त्याच्या छातीत आग होती, हवा आत शिरत नव्हती. आणखी थोडी हवी होती, अगदी थोडी.

झील संपली.

देवळासमोर तुणतुण्याची तार एकटीच वाजत राहिली. इलाहीचा अंगठा कळ चाचपडत होता. पुढच्या रांगेतली माणसं सयाजीच्या खांद्यावरून पलीकडे, मागे बघू लागली. कुणीतरी पोराला गप्प केलं. स्नेहलने पदर तोंडावर धरला.

सयाजीने डावीकडे मान वळवली.

निवासचं तोंड उघडंच होतं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, डोळे भावाच्या पाठीवर खिळले होते. कर्णा कधीच गप्प झाला होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. दादाचा श्वास अजून आला नव्हता, आणि तो येईपर्यंत निवास झील धरून होता.